कमरेच्या पट्ट्यावरच्या लोककथा

जपानच्या गुन्मा प्रांतात तातेबायाशी नावाचे गाव आहे आणि तिथल्या मोरिन्जी या बौद्ध मंदिराशी एका तानुकीची कथा जोडलेली आहे. तानुकी हा कुत्र्याच्या कुळातला रानटी प्राणी. रूप पालटण्याची विद्या त्याला अवगत आहे असे जपानी लोककथा सांगतात. एका गरीब माणसाच्या उपकाराची फेड करावी म्हणून हा तानुकी चहाचे पाणी उकळायच्या लोखंडी भांड्याचे रूप घेतो, माणूस ते भांडे मंदिरात विकतो, भिक्षू ते विस्तवावर चढवतात, आणि बूड तापताच भांड्याला डोके, शेपटी आणि चार पाय फुटतात. पुढे हा अर्धा प्राणी आणि अर्धे भांडे असलेला जीव दोरीवर चालण्याचे खेळ करून आपल्या मित्राला पैसा मिळवून देतो. कथेचा हा उत्तरार्ध मुलांना फार आवडतो. नेत्सुके, म्हणजे कमरेच्या पट्ट्यावर अडकवायच्या छोट्या कोरीव वस्तू, घडवणाऱ्या कारागिरांना मात्र विस्तवावरचा तो एकच क्षण आवडला. भांड्याचे गोल पोट तसेच आहे, त्यातून नुकतेच मुंडके वर आले आहे, पंजे भांड्याला चिकटून आहेत आणि शेपटी बुडाशी वळली आहे. तीन-चार सेंटिमीटरच्या लाकडात ही सगळी धांदल मावते, आणि तरीही ती वस्तू हातात घेतली तर बोटाला कुठेही टोचत नाही.

हे न टोचणे फार महत्त्वाचे आहे, कारण नेत्सुके ही मुळात वापरायची वस्तू होती. किमोनोला खिसे नसत. बाहीच्या पोकळीत हलक्या वस्तू राहत. पण तंबाखूची पिशवी, चिलमीचे घर, पैशांचा बटवा किंवा इन्रो नावाची, औषधे ठेवायची एकावर एक बसणाऱ्या कप्प्यांची छोटी पेटी, हे सारे पुरुष कमरेच्या पट्ट्याला, म्हणजे ओबीला, दोरीने लटकवत. आपल्याकडे जुनी माणसे चंची कमरेला खोचत, तशीच ही सोय; फक्त इथे वस्तू खाली लोंबत राहते आणि दोरी ओबीच्या मागून वर येते. वर आलेली ती दोरी निसटू नये म्हणून तिच्या टोकाला जे अडसर म्हणून बांधायचे, ते नेत्सुके. पेटी आणि नेत्सुके यांच्या मधोमध दोरीवर ओजिमे नावाचा एक मणी असे. तो सरकवला की पेटी घट्ट बंद होई. एदो काळात, म्हणजे सतराव्या शतकाच्या आरंभापासून १८६८ पर्यंत, ही व्यवस्था चालली. तंबाखू सोळाव्या शतकाच्या अखेरीस जपानात आली आणि तिचे व्यसन पसरले, तसा या लटकवायच्या वस्तूंचा आणि पर्यायाने नेत्सुकेंचा पसारा वाढला. शहरातल्या व्यापाऱ्यांकडे पैसा होता, पण कोणी काय ल्यावे यावर सत्तेची बंधने होती. अशा वेळी कमरेवरची एक छोटी कोरीव वस्तू हा आपली रसिकता दाखवण्याचा निर्धोक मार्ग ठरला.

कारागिरापुढच्या अटी कडक होत्या. नेत्सुके दोरीचे ओझे पेलण्याइतके भक्कम हवे. चालताना ते रेशमी कापडावर घासणार, म्हणून त्याला धारदार कड किंवा बाहेर आलेले टोक नको. त्यात दोरी ओवायला दोन भोके हवीत, त्यांना हिमोतोशी म्हणतात. पुष्कळदा त्यांतले एक भोक मोठे असते, कारण दोरीची गाठ त्यात लपवायची असते. भोके अशा जागी हवीत की लटकल्यावर आकृतीचे तोंड पाहणाऱ्याकडे राहील. चांगला कारागीर वेगळी भोके पाडत नसे. काखेखालची फट, वळलेल्या शेपटीचे वेटोळे, गुडघा आणि हनुवटी यांच्यामधली मोकळी जागा यांतूनच तो दोरीला वाट करून देई. आणि वस्तू सर्व बाजूंनी कोरलेली हवी, तळाशीसुद्धा, कारण ती हातात घेऊन फिरवली जाणार हे त्याला ठाऊक असे.

मला या विषयाने धरून ठेवले ते या अटींमुळेच. जपानी लोककथांत शौर्य काही कमी नाही. राक्षसाचा हात तोडणारा वातानाबे नो त्सुना आहे, ओनींच्या, म्हणजे जपानी राक्षसांच्या, बेटावर चाल करून जाणारा मोमोतारो आहे, आशिगारा डोंगरात अस्वलाशी कुस्ती खेळणारा किन्तारो आहे. चित्रकार ही पात्रे रंगवतो तेव्हा तलवार उगारलेली असते, पाय फाकलेले असतात, केस वाऱ्यावर असतात. पण उगारलेली तलवार ओबीवर टिकत नाही. ती पहिल्याच दिवशी बाहीत अडकेल आणि मोडेल. म्हणून नेत्सुकेकाराला त्याच कथेत दुसरा क्षण शोधावा लागला, असा क्षण की ज्यात माणसे आणि भुते आपले हातपाय अंगाशी घेऊन बसलेली आहेत. आणि हातपाय अंगाशी केव्हा घेतले जातात? थंडीत, भीतीत, थकव्यात, लपताना, झोपेत, कोणाला तरी बिलगताना. माझी अशी पक्की समजूत झाली आहे की नेत्सुकेंमधल्या लोककथा इतक्या मायाळू आणि इतक्या माणसाळलेल्या वाटतात, त्याचे श्रेय कारागिरांच्या स्वभावाला जेवढे आहे तेवढेच त्या कापडी पट्ट्याला आहे.

त्सुनाचीच कथा पाहा. क्योतोच्या वेशीवर त्याने इबाराकी नावाच्या ओनीचा हात तोडला आणि तो पेटीत बंद करून ठेवला. काही दिवसांनी त्याची म्हातारी मावशी आली, तो हात एकदा तरी दाखव म्हणून गयावया करू लागली, आणि त्याने पेटी उघडताच ओनीचे मूळ रूप घेऊन आपला हात घेऊन पळाली. नेत्सुकेत ही कथा अनेकदा भेटते ती त्या ओनीच्या रूपाने: पाठीत वाकलेली, तुटलेला हात छातीशी घट्ट धरलेली एक आकृती. ती भयंकर आहे यात शंका नाही, पण हातात धरून पाहणाऱ्याला प्रथम जाणवते ते हेच की हिने आपले हरवलेले काहीतरी परत मिळवले आहे. पराक्रमी त्सुना तिथे नसतोच.

दोजोजी मंदिराच्या कथेने तर जणू नेत्सुकेसाठीच जन्म घेतला असावा. कुमानोच्या यात्रेला निघालेल्या आन्चिन या तरुण भिक्षूवर कियोहिमेचे प्रेम बसते. परत येतो असे वचन देऊन तो टाळतो, ती त्याच्या मागे धावत सुटते, हिदाका नदीच्या पाण्यात तिचा सर्प होतो, आणि मंदिरातल्या खाली उतरवलेल्या घंटेत तो लपला असता ती घंटेला विळखा घालून आपल्या क्रोधाच्या आगीत त्याला जाळते. घंटा गोल, साप गोल, विळखा गोल. कारागिराला कथेतले काहीच सोडावे लागत नाही. काही नेत्सुकेंमध्ये घंटेच्या अंगाला एक बारीकसे भोक ठेवलेले असते आणि त्यातून डोकावले तर आत आन्चिनचा चेहरा दिसतो. पाहणारा असा डोळा लावतो तेव्हा तो कियोहिमेच्या जागी येतो, आणि हे मला कोणत्याही मोठ्या चित्रापेक्षा अधिक अस्वस्थ करणारे वाटते.

भुतेखेते सगळीच अशी उग्र नाहीत. शोकी हा मूळचा चीनमधला राक्षसांचा कर्दनकाळ. थांग वंशातल्या श्वानझोंग सम्राटाच्या स्वप्नात येऊन त्याने पिशाच्चे पळवली अशी आख्यायिका आहे. जपानात ५ मेच्या मुलांच्या सणाला त्याची चित्रे लावत. नेत्सुकेत हाच दाढीवाला वीर ओनीला शोधतो आहे आणि ओनी त्याच्याच टोपीवर दबा धरून बसला आहे, असा प्रसंग पुन्हा पुन्हा कोरलेला आढळतो. फेब्रुवारीच्या आरंभी सेत्सुबुनच्या दिवशी घरोघर भाजलेले सोयाबीन फेकून ओनींना हाकलतात. त्या दाण्यांच्या माऱ्यातून वाचण्यासाठी डोके हातांत घेऊन गोळा झालेला किंवा मोठ्या विणलेल्या टोपीखाली लपलेला ओनी हाही कारागिरांचा लाडका. काप्पा नावाच्या जलचर पिशाच्चाच्या डोक्यावर पाण्याची खळगी असते आणि ते पाणी सांडले की त्याचे बळ जाते. माणसांना नदीत ओढणारा हा काप्पा नेत्सुकेत मात्र शिंपल्यात पाय अडकून कळवळताना दिसतो. आणि तेंगू, म्हणजे डोंगरातले चोचीचे, पंखांचे, गर्विष्ठ भूत, नुकते अंडे फोडून बाहेर येत असते. अजून पंख उघडलेले नाहीत, गर्व करण्याइतके वयही नाही.

याला अपवाद आहेत आणि ते नमूद करायला हवेत. अठराव्या शतकातली जुनी नेत्सुके बरीच उंच असत. काही दहा सेंटिमीटरच्याही वर जातात. लांब पायांचा आशिनागा आणि त्याच्या पाठीवर बसून समुद्रातले मासे पकडणारा लांब हातांचा तेनागा, ही चिनी ग्रंथांतून आलेली जोडी अशा उंच नेत्सुकेंमध्ये शोभून दिसते. ओसाकाचा योशिमुरा शूझान हा कानो परंपरेतला चित्रकार. त्याने सायप्रस या झाडाच्या लाकडात सिद्धपुरुष आणि विचित्र प्राणी कोरून ते रंगवले. १७८१ साली ओसाकात प्रसिद्ध झालेल्या ‘सोकेन किशो’ या तलवारींच्या साजावरील ग्रंथात नेत्सुकेकारांची जी सर्वांत जुनी छापील नोंद आहे, तिच्यात शूझानला मानाचे स्थान आहे. त्याने आपल्या कामावर सही केली नाही. त्यामुळे आज त्याच्या नावाने दाखवल्या जाणाऱ्या वस्तूंपैकी खरोखर त्याच्या किती, हा वाद मिटणे अवघड आहे. पण अंगावरचा उडत गेलेला रंग आणि आतून डोकावणारे लाकूड यांमुळे त्या घराण्याच्या आकृती जे वय मिरवतात, ते चकचकीत हस्तिदंताला कधीच साधत नाही.

सामग्रीच्या बाबतीत माझे मत उघड आहे: मला लाकूड आवडते, त्यातही जपानी लोक ज्याला त्सुगे म्हणतात ते बॉक्सवूड. ते झाड हळूहळू वाढते, म्हणून त्याचा कण घट्ट असतो, बारीक रेघही तुटत नाही, आणि हाताच्या घामातेलाने त्याचा पिवळेपणा मधासारखा गडद होत जातो. कारागीर कोरून झाल्यावर तोकुसा नावाच्या खरखरीत वनस्पतीच्या दांड्यांनी ते घासत. सांबरशिंग, रानडुकराचा सुळा, बांबू, अक्रोडाचे कवच, लाख, धातू, यांतले काहीही वर्ज्य नव्हते. इवामी प्रांतातले कारागीर रानडुकराच्या सुळ्यावर कोळी आणि गोम कोरून बाजूला अत्यंत बारीक अक्षरांत मजकूर लिहीत. त्यांच्यात तोमिहारू या कारागिराची मुलगी बुन्शोजो (१७६४–१८३८) हीही होती. या पुरुषी पेशात आपल्या नावाची सही ठेवून गेलेली स्त्री म्हणून तिचा उल्लेख केल्यावाचून मला राहवत नाही, जरी तिचे विषय लोककथांपेक्षा कीटकांचेच अधिक असले तरी. हस्तिदंताचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे: शामिसेन हे तंतुवाद्य वाजवायच्या मोठ्या नखीसाठी दात कापल्यावर उरणारे तुकडे नेत्सुकेकारांकडे येत, आणि म्हणून बऱ्याच जुन्या हस्तिदंती आकृतींचा छेद त्रिकोणी असतो. कथेतला सिद्धपुरुष पाठीकडून निमुळता का, याचे उत्तर अनेकदा त्या वाद्याच्या दुकानात असते.

क्योतोत तोजी मंदिराच्या आवारात दर महिन्याच्या २१ तारखेला जुन्या वस्तूंचा मोठा बाजार भरतो. तिथे एका वयस्क विक्रेत्याने दोन्ही हातांनी पुढे केलेला एक लाकडी ओनी मी तळहातावर घेतला होता. कामगिरी साधारण होती, सही नव्हती, पण त्याचे नाक, गुडघे आणि पाठीचा कणा झिजून इतके गुळगुळीत झाले होते की तिथले कोरीवकाम जवळजवळ पुसले गेले होते. काखेत आणि बोटांच्या सांध्यांत मात्र सुरीची रेघ अजून ताजी होती. विक्रेत्याने मला मूठ मिटायला खुणेने सांगितले. मूठ मिटल्यावर कळले की झीज जिथे आहे नेमकी तिथेच अंगठा जाऊन बसतो. कोणी एक माणूस, नाव-गाव काहीच न ठेवता गेलेला, बोलताना, वाट पाहताना, हिशेब करताना हा अंगठा फिरवत राहिला असणार, आणि त्या राक्षसाच्या चेहऱ्यावरचा उग्रपणा त्यानेच घासून उतरवला असणार.

म्हणूनच संग्रहालयातल्या काचेआड नेत्सुके पाहताना मला एक प्रकारची तळमळ होते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात, लॉस एंजेलिसच्या कलासंग्रहालयातील बुशेल संग्रहात, तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात, सर्वत्र ती नीट जपलेली आहेत, आणि जपायलाच हवीत. पण काचेआड वस्तूची एकच बाजू दिसते. शोकीच्या टोपीवरचा ओनी मागून कसा लपला आहे, तळाशी तळपायाच्या वळ्या कशा कोरल्या आहेत, दोरी कुठून जाते, हे कळत नाही. काही ठिकाणी खाली आरसा ठेवतात, काही ठिकाणी नेत्सुके त्याच्या इन्रोसह दोरीने लटकवून मांडतात. हे दुसरे मला सर्वांत योग्य वाटते, कारण लटकल्यावरच त्या आकृतीचा तोल कारागिराने कसा साधला ते समजते.

१८६८ नंतर मेइजी काळात पाश्चात्त्य कपडे आले, कपड्यांना खिसे आले, चिलमीच्या जागी सिगारेट आली आणि नेत्सुकेची गरज संपली. त्याच सुमारास परदेशी व्यापारी आणि प्रवासी ती ओंजळी भरभरून घेऊन गेले. युरोपातल्या दिवाणखान्यांत काचेची कपाटे त्यांनी भरली. कारागिरांनीही बाहेरच्या बाजारासाठी काम सुरू केले, आणि दोरी कधी ओवली जाणारच नाही अशा वस्तूंना केवळ रीत म्हणून भोके पाडली जाऊ लागली. त्यांतली कित्येक तंत्राच्या दृष्टीने थक्क करणारी आहेत. पण ओबीची अट सुटल्यावर हात बाहेर आले, भाले वर गेले, आणि कथा पुन्हा चित्रासारखी झाली. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविरुद्ध १९८९ साली निर्णय झाल्यापासून अशा वस्तूंची खरेदी-विक्री अवघड झाली आहे, आणि ते योग्यच आहे. जुन्या कलेवर प्रेम असणाऱ्यानेही नव्या दाताला बाजार मिळेल अशी कोणतीही फट मागू नये.

भारतीय वाचकाला या आकृतींमध्ये ओळखीचे चेहरेही भेटतात. आठ पायांनी माकडाला आवळणारा ऑक्टोपस हा नेत्सुकेतला प्रसिद्ध विषय. त्यामागची कथा अशी: समुद्रातल्या नागराजाच्या घरी कोणी आजारी आहे, औषधाला माकडाचे काळीज हवे, आणि माकड म्हणते की मी तर ते झाडावर ठेवून आलो. पंचतंत्राच्या चौथ्या तंत्रातली माकड आणि मगरीची ही कथा; जातककथांतही ती आहे. बाराव्या शतकातल्या ‘कोन्जाकु मोनोगातारी’ या जपानी कथासंग्रहाचे पहिले पाच भाग भारतातल्या म्हणून सांगितलेल्या कथांनाच दिलेले आहेत, आणि बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे आलेल्या अशा कितीतरी गोष्टी तिथून पुढे लोकांच्या तोंडी बसल्या.

पण मला सर्वांत प्रिय आहे तो इक्काकु सेन्निन, म्हणजे कपाळावर एक शिंग असलेला तपस्वी. हा आपला ऋष्यशृंग. रामायणात आणि महाभारतात आपण त्याला ओळखतो: विभांडकाचा मुलगा, वनात वाढलेला, स्त्री कधी न पाहिलेला. अंगदेशात दुष्काळ पडतो, राजा रोमपाद गणिकांना पाठवून त्याला राज्यात आणवतो, त्याचे पाऊल पडताच पाऊस कोसळतो, राजकन्या शांता त्याला दिली जाते, आणि पुढे दशरथाच्या पुत्रकामेष्टीत तोच पुरोहित होतो. बौद्ध परंपरेतून जपानात पोहोचेपर्यंत या कथेचा कणा उलटा वळला. तिथला तपस्वी पावसाने निसरड्या झालेल्या डोंगरवाटेवर घसरून पडतो, पाऊस पाडणाऱ्या नागांवर रागावतो आणि आपल्या तपोबलाने त्यांना कोंडून टाकतो. वर्षानुवर्षे थेंब पडत नाही. काशीचा राजा एका सुंदर स्त्रीला पाठवतो. नो या जुन्या जपानी नाट्यप्रकारात तिचे नाव सेन्दा आहे आणि चिनी बौद्ध ग्रंथातल्या ज्या नावावरून ते आले त्यात शांताच ऐकू येते. ती त्याला मद्य पाजते, त्याच्यासमोर नाचते, त्याचे तप ढळते, नाग मोकळे होतात आणि आभाळ फुटते. म्हणजे आपल्याकडचा ऋषी पाऊस आणतो, तिकडचा पाऊस अडवतो. दोन्हीकडे पाऊस पडतो तो त्याला माणसाचा सहवास घडल्यावरच.

नो नाटकाने या कथेतले रंगमंचीय क्षण घेतले: नृत्य, मद्याची धुंदी, खडक फोडून बाहेर येणारे नाग. पुढे काबुकी या दुसऱ्या जपानी नाट्यप्रकाराने हीच कथा ‘नारुकामी’ नावाने आपलीशी केली, आणि तिथे फसवला गेलेला तपस्वी क्रोधाने पेटून उठतो. नेत्सुकेकाराने यांतले काहीही घेतले नाही. त्याने उचलला तो कथासंग्रहातला शेवटाकडचा, जरासा हास्यास्पद भाग: आता मला परत जायचे आहे, पण या वाटेवर माझ्याने चालवत नाही, असे ती म्हणते, आणि तो तिला पाठीवर घेऊन डोंगर उतरू लागतो. राजधानीत लोक त्याला पाहायला गर्दी करतात आणि हसतात. नेत्सुकेत गर्दी नाही. पानांचे वस्त्र नेसलेला, हाडे वर आलेला, वाकलेला म्हातारा आहे. त्याच्या पाठीवर पायघोळ बाह्यांची स्त्री आहे. तिचे हात त्याच्या गळ्याशी आहेत, त्याचे हात तिच्या पायांखाली आहेत, आणि त्या हातापायांच्या मधून दोरीला वाट मिळते. शिंगसुद्धा मागे वळवून कपाळालगत घेतलेले असते, कारण सरळ वर आलेले शिंग कापडात अडकले असते.

कारागिराने हा क्षण निवडला तो दोन शरीरे मिळून एक गोल, भक्कम, ओबीवर नीट बसणारा आकार तयार होतो म्हणून, हे मी मान्य करतो. पण त्या निवडीने कथेत जे घडले ते मला आमच्या पुराणांतही सापडलेले नाही. तप गेले आहे, सिद्धी गेल्या आहेत, पाऊस पडून गेला आहे, राजाचे काम झाले आहे. आता या स्त्रीने त्याला बिलगण्याचे काही कारण उरलेले नाही, आणि तिला वाहण्याचे त्यालाही नाही. तरीही मी पाहिलेल्या एका आकृतीत त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिले आहे आणि तिने आपली हनुवटी त्याच्या खांद्यावर टेकली आहे. फसवणुकीची कथा म्हणून जी हजारो कोस सांगितली जात आली, ती इथे दोन दमलेल्या माणसांची वाटचाल झाली आहे. आणि ही आकृती कोणा व्यापाऱ्याने आपल्या तंबाखूच्या पिशवीवर अडकवून ओसाकाच्या गल्ल्यांतून वर्षानुवर्षे मिरवली असेल, तर त्याला ऋष्यशृंग हे नाव ठाऊक असण्याची काहीच गरज नव्हती.